मनकर्णाच्या बकऱ्या आणि सरकारी बाभूळबन

मनकर्णा तोंडाची वाईट होती. हे आधीच सांगून टाकते, कारण गरीब बाईवर लिहायला बसलं की लिहिणाऱ्याचा हात मऊ होतो आणि चार पानांत तिची देवी होऊन बसते. मनकर्णा देवी नव्हती. ती गड्यामाणसांना काठीने ढोसायची, पाटलाला तोंडावर भैताड म्हणायची, आणि मेलेल्या नवऱ्याबद्दलही तिने कधी बरा शब्द काढला नाही. जातीने धनगर. पन्नाशीला टेकलेली. तिच्याजवळ साठ बकऱ्या होत्या आणि बकऱ्यांखेरीज काहीच नव्हतं.

नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे बेंबळा नदीच्या काठाला निंबखेड नावाचं गाव होतं. गावाखाली नदीच्या कडेने बाभूळबन होतं आणि त्या बनाचा कारभार मनकर्णाकडे होता. कारभार म्हणजे पगार नव्हे, कागद तर नव्हेच. रीत होती. नांगराला, वखराला, गाडीच्या चाकाला बाभळीचंच लाकूड लागायचं. ज्याला झाड हवं त्याने मनकर्णाला विचारायचं. ती झाड दाखवायची, म्हातारं झालेलं किंवा दाटीत अडकलेलं. झाड पाडायचं ते उन्हाळ्यात. मग त्या मोकळ्या जागेवर तिच्या बकऱ्या पंधरा रात्री बसायच्या. ते झालं की पाडलेल्या झाडाच्या काटेरी फांद्यांचं जागेभोवती कुंपण करायचं, आणि तीन पावसाळे आत ढोर नाही, बकरी नाही.

बकऱ्या कशासाठी? चैत्र-वैशाखात बकऱ्या दिवसभर बाभळीच्या शेंगा खातात. रात्री बसून रवंथ करताना शेंगांतलं टणक बी तोंडातून टाकून देतात, राहिलेलं लेंडीतून पडतं. ते बी पाऊस लागला की उगवतं. शेंग फोडून नुसतं काढलेलं बी मातीत टाकलं तर बहुतेक ढिम्म राहतं, कारण टरफल इतकं कडक की पाणी आत शिरत नाही. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हे कुठेतरी दोन ओळींत सापडेल. मनकर्णाने पुस्तक पाहिलं नव्हतं. तिने रोज सकाळी बकऱ्या उठल्यावरची जमीन पाहिली होती. आणि बकरी कोवळं रोप खाऊन टाकते, हेही तिला कुठल्याही साहेबाच्या आधी ठाऊक होतं. म्हणून तर कुंपण.

झाड घेणाऱ्याने ते पंधरा दिवस तिला दोन वेळची भाकर द्यायची आणि तिच्या शिव्या ऐकायच्या. त्यामुळे उगीच कुणी झाड मागत नसे. रीत भाकरीपेक्षा शिव्यांवर जास्त चालत होती, असं माझं मत आहे.

हल्ली अमरावतीत पर्यावरणावर परिसंवाद भरतात. वक्ते प्लॅस्टिकची बाटली पुढ्यात ठेवून सांगतात की निसर्ग राखायचे नियम आपल्याकडे अमुक साली आले. जसे काही त्याआधी लोक झाड दिसलं की कुऱ्हाड घेऊन धावत होते! धावले, नाही असं नाही. पण कधी धावले आणि कुणी धाडलं, ते ऐका.

१८६१ साली अमेरिकेतले लोक आपसांत लढायला लागले आणि विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. वर्ष-दोन वर्षांत वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला की शहाणी माणसं वेडी झाली आणि वेडी माणसं पुढारी झाली. निंबखेडचे भगवंतराव पाटील या दुसऱ्या जातीचे. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, घरात तीन घड्याळं, आणि तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवणारी. अमरावतीहून एक साहेब घोड्यावर बसून आला, गावाची हद्द फिरला आणि म्हणाला, एवढी जमीन रिकामी का? मोडा, कापूस पेरा. गायरान मोडलं. वाटा मोडल्या. सरकारच्या कागदावर बाभूळबनाला नाव पडलं ‘पडीत’. हे पहिलं पर्यावरणविषयक धोरण. दाट रान बघून त्याला पडीत म्हणायला फार शिक्षण लागतं.

एका सकाळी मनकर्णा बकऱ्या घेऊन बनात गेली तर पाटील दहा गडी आणि दहा कुऱ्हाडी घेऊन उभे.

“काहून पाटील, इतके गडी? नांगर किती मोडले तुमचे?”

“नांगर नाई मोडले. बन मोडून राहिलो.”

“सारं?”

“खालचं अंग. पऱ्हाटी पेरतो. सायेबानं लिहून देल्लं मले, पडीत हाय म्हणून.”

“पडीत? मंग ह्या बाभयी का सायेबाच्या डोयात नाई गेल्या?”

“बुढे, तुले काय समजते? भाव आयकला काय कापसाचा?”

“भाव आयकला. झाडं पाडता तं बकऱ्या कवा बसवू ते सांगा.”

“कायले बसवते? आता झाड उगवाचंच नाई इथं.”

“भाकर द्याले जिवावर आलं म्हणा ना सरकं.”

गडी हसले. पाटीलही हसले, कारण त्या वर्षी त्यांना सगळ्याचंच हसू येत होतं. दुपारपर्यंत तीस झाडं आडवी झाली. मनकर्णा काठी टेकून बसली आणि प्रत्येक झाडाला पाटलाच्या एकेका पूर्वजाचं नाव घेत राहिली. पूर्वज संपले, झाडं संपली नाहीत.

वरच्या अंगाची बरीच झाडं गाड्यांसाठी गेली. कापूस न्यायचा तर गाडी हवी, गाडीला चाकं हवीत. चाकं करणारा नबी सुतार. भला माणूस, दोन पिढ्यांपासून रीत पाळणारा. त्याची बायको शकीला पंधरा दिवस न चुकता मनकर्णाला भाकर द्यायची, वर लोणचं. पण त्या वर्षी नबीच्या दारात गाड्यांच्या मालकांची रांग.

“मनकर्णामाय, पच्चीस गाडियां बोली हैं लोगां,” तो म्हणाला. “बकऱ्या बैठने तक मैं ठहरा, तो ये लोग मेरेकूच चाक में डालते.”

“तू बी पाटलाचाच भाऊ निंगाला.”

“अवो माय, पेट है.”

“मले काय पोट नाई? गाठोडं बांधलं मी इथं?”

नबी मान खाली घालून गेला आणि झाडं घेऊन गेला. त्याला लाज वाटली, एवढं त्याच्या बाजूने लिहिते. गावात त्या वर्षी लाज वाटलेला तो एकटाच.

पुढचं सांगायला वेळ लागत नाही. पहिल्या वर्षी पाटलाच्या नव्या वावरात कापूस मस्त आला. दुसऱ्या वर्षी बरा आला. तिसऱ्या पावसाळ्यात बेंबळेला पूर आला आणि बाभळीची मुळं नसलेला काठ मळलेल्या पिठासारखा तुटून नदीत गेला. पाटलाचं अर्धं वावर पऱ्हाटीसकट वाहून गेलं. पाटील नदीला शिव्या देत बसले. मग १८६५ साली अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचा भाव पडला. बैलांच्या शिंगांवरच्या शेंब्या सोनाराकडे गेल्या. घड्याळं मात्र राहिली, कारण ती कुणी घेईना.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण चांदूरला रेल्वे येत होती. स्टेशनाला विटा हव्यात, विटा भाजायला लाकूड हवं. ठेकेदाराने सरकारचा पास दाखवला आणि उरलेल्या बनातलं निम्मं नेलं. पास अस्सल होता. त्या काळातली प्रत्येक नासाडी कायदेशीर होती, हे वऱ्हाडी माणसाने नीट लक्षात ठेवावं.

१८६६ सरता सरता सरकारला साक्षात्कार झाला की वऱ्हाडात लाकूड राहिलं नाही. इंजिनाला काय घालायचं? लगेच जंगलखातं जागं झालं. निंबखेडाला एक दारोगा आला. नाव केशवराव, पुण्याकडचा, डोक्यावर पागोटं, हातात छत्री, आणि वऱ्हाडी बोली ऐकली की दात दुखल्यासारखा चेहरा. त्याने बनाभोवती चुना लावलेले दगड रोवले, चौकी बांधली, दोन शिपाई ठेवले. गाव चावडीवर बोलावलं आणि कागद वाचला.

“बन आजपासून सरकारी राखीव जंगल आहे. कलम पहिलं. बनात बकरी आणता येणार नाही.”

मनकर्णा चावडीच्या पायरीपाशी उभी होती. “कोनाची बकरी?”

“कुणाचीही.”

“अन् कुऱ्हाड?”

“कुऱ्हाडीला पास लागेल.”

“म्हंजे कुऱ्हाडीले पास हाय, बकरीले पास बी नाई?”

“बाई, बकरी हा झाडांचा शत्रू आहे. हे शास्त्र आहे.”

“हे बन कोनं खाल्लं, सांगू काय? ते पाय तिथं बसलं, पान लावून राहिलं.”

सगळे पाटलाकडे पाहू लागले. भगवंतरावांनी शांतपणे पानाला चुना लावला. त्यांना काळजीचं कारण नव्हतं. गावातले प्रतिष्ठित म्हणून वाळक्या लाकडाचा पहिला पास दारोग्याने त्यांनाच दिला होता. ज्याने अर्धं बन तोडलं तो सरकारचा सल्लागार, आणि जिने ते उगवलं ती गुन्हेगार. हे दुसरं धोरण. पहिल्याच्या बरोबर उलट, आणि मूर्खपणात तंतोतंत त्याच्याएवढं.

मनकर्णाच्या जिवावर बेतलं ते इथून. गायरान आधीच कापसाखाली गेलेलं. माघापर्यंत बकऱ्या वेचून झालेल्या पऱ्हाट्यांवर जगायच्या. चैत्रापासून पावसापर्यंत त्यांना बाभळीच्या शेंगांशिवाय काही नव्हतं. बन बंद झालं म्हणजे बकऱ्या मरणार. साठातल्या किती मरतील, एवढाच प्रश्न होता.

१८६७च्या उन्हाळ्यात तिने बकऱ्या बरोबर सरकारी दगडांच्या बाहेर बसवल्या, नदीकडे जाणाऱ्या वाटेच्या उतारावर. धुऱ्याधुऱ्यांवर जी सुटी झाडं उरली होती त्यांच्या शेंगा ती आकडीने पाडत फिरली. नबीने आपल्या अंगणातल्या दोन बाभळींच्या शेंगा पोत्यात भरून आणून दिल्या.

“मांगची भाकर चुकली होती ना, माय. ये उसका समझ.”

“वाळल्या तं हायेत, का ओल्याच आणल्या?” मनकर्णा म्हणाली. तिच्या तोंडून आभार एवढेच निघत.

शेंगा पुरल्या नाहीत. दगडांच्या आत शेंगांचा सडा पडून किडत होता आणि बाहेर बकऱ्या वाळत होत्या. अकरा मेल्या. बारा बडनेऱ्याच्या खाटकाला द्याव्या लागल्या. उरल्या सदतीस.

त्याच सुमारास दारोगा बन वाढवत होता. अकोल्याच्या कचेरीतून छापील सूचना आली होती: बी निवडक, स्वच्छ आणि कोरडं असावं, सरळ ओळींत पेरावं. केशवरावांनी बायका लावून शेंगा फोडून घेतल्या, बी धुतलं, चाळलं, उन्हात वाळवलं. मग दोरी धरून ओळी आखल्या. ओळ वाकडी झाली तर बुजवून पुन्हा. मनकर्णा दगडापलीकडे उभी राहून दोन दिवस हा तमाशा बघत होती. तिसऱ्या दिवशी राहवेना.

“दारोगा, हे नाई उगवाचं.”

“का बरं?”

“याले कोनं चावलंच नाई.”

केशवरावांनी हा विनोद संध्याकाळी चावडीवर सांगितला. “म्हातारी म्हणते, बी चावून पेरा!” भगवंतराव पोट धरून हसले. हे त्यांच्या गावचे पाटील. याच नदीकाठी जन्मले, लहानपणापासून बकऱ्या बसताना पाहिल्या, आणि दारोग्याला एक शब्द समजावून सांगितला नाही. का सांगतील? पास वर्षावर्षाला नवा करून घ्यायचा होता.

मृग लागायच्या आधी मनकर्णाने दरवर्षीप्रमाणे वाडा, म्हणजे बकऱ्यांचा रात्रीचा तळ, उठवला, बकऱ्या वरच्या माळावर नेल्या, आणि खाली बसवलेल्या जागेला काट्यांचं कुंपण घातलं. झाड पाडलेलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं, भाकर नव्हती. सवय होती.

श्रावणात केशवरावांच्या सरळ ओळींत तरोट्याचं तण उगवलं. बाभळीची रोपं मोजून नऊ. आणि दगडांच्या बाहेर, मनकर्णाच्या कुंपणात, पाऊल टाकायला जागा नाही एवढी दाट रोपं.

दारोगा रोज सकाळी आधी आपल्या ओळी बघायचा, मग छत्री टेकून त्या कुंपणाकडे बघत उभा राहायचा. एखाद्या माणसाने अशा वेळी विचारलं असतं, बाई, हे कसं केलंस? पण खालच्या माणसाला प्रश्न विचारला की हुद्दा कमी होतो, अशी आपल्या कारकुनी जातीची समजूत आहे. ती अजून आहे.

कार्तिकात अकोल्याहून पत्र आलं. मोठा साहेब थंडीत दौऱ्यावर निघतोय, निंबखेडची लागवड तपासणार आहे. केशवरावांची झोप उडाली. मग त्यांनी अशी युक्ती काढली की तिला दाद द्यावी. रोपं जंगलात येत नाहीत ना? मग जंगल रोपांपर्यंत न्यावं. भर दुपारी, गाव जेवायला बसलं असताना, त्यांनी नबीची गाडी सरकारी कामाला धरली, सहा दगड उपटून गाडीत घातले आणि कुंपणाच्या पलीकडे नेऊन रोवले. वर ताजा चुना. नकाशावरची रेघही त्यांनी स्वतःच्या हाताने पुढे सरकवली.

नबी गाडी सोडून थेट माळावर आला.

“मनकर्णामाय, तेरा वाडा सरकारी जंगल हो गया.”

“पेलास काय दुपारीच?”

“खुदा की कसम. दगडं मेरीच गाडी में गये. मेरेकू बोला, किसी को बोलना नक्को.”

“मंग मले सांगाले आला.”

“तू किसी में आती क्या?”

मनकर्णा उठली आणि खाली गेली. दगड पाहिले. रोपांचं तिला एवढं वाटलं नाही. रोपं काय, ती कुणाचीही असली तरी उगवणार. पण नदीवर जायची वाट आता दगडांच्या आत होती. सदतीस बकऱ्यांचं पाणी बंद झालं होतं. दुसऱ्याच दिवशी शिपायांनी पाण्यावर निघालेल्या तीन बकऱ्या धरून कोंडवाड्यात घातल्या. मनकर्णाने चौकीसमोर बसून अर्धा दिवस शिव्या दिल्या, शिव्यांनी बकऱ्या सुटल्या नाहीत. उरलेल्या चौतीस ती दीड कोसांवरच्या डोहावर नेऊ लागली. तिला कळत होतं की हा हिवाळा निघेल, पण चैत्रात शेंगाही नाहीत आणि पाणीही नाही म्हटल्यावर कळप संपेल.

मार्गशीर्षात साहेब आला. आमराईत तंबू पडले. साहेब तरणा, लाल, कामसू. प्रत्येक पानाफुलाची वहीत टाचणं करणारा. सरकारी माणसांत ही जात सगळ्यांत धोक्याची, कारण तिला खरंच कळायला लागतं आणि तरीही काही फरक पडत नाही. केशवराव त्याला सरळ ओळींवरून झपाझप पुढे घेऊन गेले आणि रोपांपाशी थांबले. रोपं गुडघ्याला लागत होती. साहेबाने वाकून पाहिलं.

“बहोत अच्छा! मगर ये लाईन में क्यों नहीं?”

“हुजूर, ही निराळ्या पद्धतीची लागवड आहे,” केशवराव म्हणाले. “माझ्या देखरेखीखाली.”

भगवंतरावांनी मान डोलावली. साहेब वही काढत होता, तेवढ्यात पाठीमागून चौतीस बकऱ्यांचा लोट आला आणि शिपायांच्या पायांत घुसला. मागे मनकर्णा. बकऱ्यांना तिने कुंपणाबाहेर हाकलून धरलं आणि स्वतः सरळ साहेबापुढे जाऊन उभी राहिली. एका रोपाच्या बुडाशी काठीने माती उकरली. खाली काळ्या लेंड्यांचा थर निघाला.

“इचारा त्याले, हे कोनं पेरलं?” ती म्हणाली.

साहेबाला वऱ्हाडी येत नव्हती. साहेबाच्या सामानासाठी धरलेल्या आपल्या गाडीपाशी नबी उभा होता, त्याला मनकर्णाने काठीने पुढे ढकललं. त्याने दुभाष्याचं काम सुरू केलं.

“बाई, ही लागवड सरकारने केली आहे,” केशवराव दबक्या आवाजात म्हणाले. “बाजूला हो.”

“सरकारनं? मंग ह्या लेंड्या सरकारच्या हायेत काय?”

नबीने याचं काय केलं देव जाणे, पण साहेब हसला. मग मनकर्णाने सांगितलं: शेंगा, रवंथ, थुंकलेलं बी, कुंपण, तीन पावसाळे. नबीने त्यात स्वतःचं काही घातलं नाही. साहेब एका बाभळीच्या बुंध्याला टेकून पंधरा मिनिटं लिहीत होता. दोनदा त्याने थांबवून पुन्हा विचारलं. शेवटी वही मिटून तो म्हणाला की ही फार मोलाची माहिती आहे, आणि त्याने जागेवर हुकूम दिला. यापुढे बकऱ्यांच्या वाड्यातलं बी आणि लेंड्या जंगलखात्याने गोळा कराव्या आणि ओळींत पेराव्या.

“अन् बकऱ्या बनात कवापासून सोडू?” मनकर्णाने विचारलं.

नबीने विचारलं. साहेबाने मान हलवली. बकरी बनात येणार नाही. तो नियम वरचा आहे.

मनकर्णाने काठी जमिनीवर आपटली. मग आमराईपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “खायाले बंदी अन् हागाले हुकूम!”

शिपायांनी तोंडावर हात धरले. साहेबाने नबीला विचारलं, काय म्हणाली?

“हुजूर, बोलती है, बकरी खाएगीच नहीं तो बीज कां से देगी?”

हे साहेबाला पटलं. तो खरोखर विचारात पडला. नियम मोडता येत नव्हता आणि बी तर हवं होतं. मग त्याने तोडगा काढला, आणि हा तोडगा काढताना त्याचा चेहरा अगदी गंभीर होता. बकऱ्या बाहेरच राहतील. बनातल्या शेंगा जंगलखात्याची माणसं गोळा करून डोक्यावरून बाहेर, बकऱ्यांच्या वाड्यावर नेऊन टाकतील. बकऱ्या त्या खातील. मग तेच बी टोपल्यांत भरून तीच माणसं परत बनात आणतील.

“जे काम बकरी सोताच्या पायानं करत होती?” मनकर्णा म्हणाली.

हे नबीने सांगितलं नाही. त्याने ते गिळलं.

“पाण्याचं इचार,” ती म्हणाली. “दगड मांगं सरकवा म्हण. कारतिकाच्या आंदी होते तिथं.”

“कार्तिक में?” साहेबाला तेवढा शब्द कळला. त्याने ताज्या चुन्याकडे पाहिलं, मग नकाशावरच्या खोडून पुढे ओढलेल्या रेघेकडे, मग केशवरावांकडे. केशवराव छत्री उघडू लागले. ऊन नव्हतं. भगवंतरावांना अचानक दूरची झाडं बघावीशी वाटली.

साहेबाला सगळं कळलं होतं. पण दगड मागे घ्यायचे म्हणजे नकाशा बदलायचा, नकाशा बदलायचा म्हणजे अकोल्याला लिहायचं, आणि लागवड फसली हेही मग लिहावं लागणार. राहिलेला दौरा लांबचा होता. त्याने नदीपर्यंत बारा हात रुंदीची वाट बकऱ्यांना मोकळी करून दिली, कोंडवाड्यातल्या तीन सोडायला सांगितल्या आणि घोड्यावर बसला. दगड तिथेच राहिले. केशवरावांना चांगल्या लागवडीबद्दल शाबासकी मिळाली.

गावातल्या लोकांनी पुढे म्हणायला सुरुवात केली की मनकर्णा जिंकली. जिंकली कसली! बन तिचं राहिलं नाही, रीत राहिली नाही. आणि हा अजब हुकूमही दोनच उन्हाळे टिकला. मग दुसरा साहेब आला, त्याने तो रद्द केला आणि निराळा काढला. पण तोवर ती रोपं बकरीच्या तोंडापेक्षा उंच गेली होती, आणि कळप पुन्हा साठावर आला होता. ती तो घेऊन चांदूरच्या पलीकडच्या रानात निघून गेली, जिथे अजून कुणी दगड रोवले नव्हते. तिला एवढंच हवं होतं. बकऱ्या जगायला हव्या होत्या, त्या जगल्या.

१८६८च्या चैत्रातली एक सकाळ तेवढी सांगते. वाडा वरच्या माळावर होता. खालून चढ चढत सरकारची माणसं येत होती, डोक्यावर शेंगांच्या टोपल्या. एक शिपाई तापाने पडला होता म्हणून त्याची टोपली खुद्द केशवरावांनी घेतली होती, कारण टोपल्यांचा आकडा महिन्याच्या महिन्याला अकोल्याला जायचा. पागोटं काखेत, छत्री घरी. मनकर्णा दगडावर बसून भाकर खात होती. तिने एक शेंग उचलून मोडली.

“ह्या ओल्या आणल्या. पोटं फुगतील त्यायची. उद्यापासून वाळल्या पाहून आणजा.”

“बरं.” केशवराव धापा टाकत उभे होते. मान अवघडली होती. “आता ही टोपली कुठं ओतू?”

मनकर्णाने भाकरीचा तुकडा मोडला.

“बकऱ्यायले इचारा.”

आणि दारोग्याने खरंच वळून बकऱ्यांकडे पाहिलं.